‘आनंदाचे डोही’ म्हणताना गळा दाटतो

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी हडपसरची. वय 54. आमच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे, दर मंगळवारी बसतं. बारा वर्षं झाली, पुढं बसून चाल मीच सांगते. दिवाळीनंतर यांच्या दोन्ही किडन्या काम करीनाशा झाल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कंपनीतून मिळालेला फंड बघता बघता आटत चाललाय. मुलगी सासरी नाशिकला, येऊन जाऊन असते.

मंडळातल्या बायका मनानं चांगल्या आहेत, पण त्यांचं बोलणं आता सहन होत नाही. ‘देव परीक्षा बघतो, नाव घेत राहा.’ ‘जे होतं ते बऱ्यासाठी, आभार माना.’ ‘तुम्हीच अशा खचलात तर आम्ही कुणाकडं बघायचं?’ एक तर म्हणाली, कुठंतरी श्रद्धा कमी पडली असणार. मागच्या एका एकादशीला ‘आनंदाचे डोही आनंद तरंग’ सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला गळा दाटला. टाळ खाली ठेवले, चहाचं बघते म्हणून आत गेले ती परत बाहेर आलेच नाही. त्या रात्री घरी येऊन देव्हाऱ्याचा पडदा ओढला. तीन आठवडे झाले, तो तसाच आहे. रात्री झोप लागत नाही. हे विचारतात, आज हरिपाठ नाही का? मी सांगते, डोकं दुखतंय.

नणंदेनं मला 11 गुरुवार निर्जळ करायला सांगितलेत आणि यांना रोज देवापुढच्या नारळाचं पाणी द्यायला सांगितलंय. मला स्वतःला शुगर आहे. मावशी, मंडळ सोडू का? आणि मनात आनंद नसताना देवाची स्तुती करणं हा खोटेपणा नाही का?

एक भजनी

* * *

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी ते नारळाचं पाणी. ते यजमानांना देऊ नका. आजपर्यंत दिलं असेल तर पुढच्या डायलिसिसला गेल्यावर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते. डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तात ते मधल्या दिवसांत साठत जातं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हे जिवावरचं काम आहे. उपवासाच्या ताटाचंही तेच. केळं, बटाटा, रताळं, खजूर, शेंगदाणे, यातलं प्रत्येक त्यांच्या पथ्याला आडवं येणारं. तेव्हा एकादशी धरायची का आणि काय खाऊन, हे डायलिसिसच्या ठिकाणच्या आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा. नणंदबाईंना दुखवायचं नसेल तर म्हणावं, नारळ रोज फोडते, पाणी तुम्ही या आणि प्या.

आणि तुमचे निर्जळ गुरुवार. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आठवड्यातून तीनदा ज्या माणसाला रिक्षात बसवायचं आणि उतरवून घ्यायचं, तो माणूस तुमच्या खांद्यावर आहे. त्या खांद्यावर आणखी 11 गुरुवार कशाला? नवस करणारीनं स्वतःच्या अंगावर घ्यावा, वहिनीच्या नाही. हे माझं मत, आणि ते नणंदेला वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी मला माझ्या आजीची गोष्ट सांगावी लागेल. ती मी फार जणांना सांगितलेली नाही.

12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही. मी आठ वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या. ‘पाणी आलं, पळा’ अशी ओरड झाली तेव्हा आजोबांनी मला काखोटीला मारलं आणि आजीनं हाताला लागलं ते उचललं. उंचावर पोचून बघते तर तिच्या हातात कणकेचा डबा होता. देव घरातच राहिले होते.

परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि असा वास, की आजही पावसाळ्यात कुठं गाळ कुजला की मला तोच वाटतो. वाड्याच्या मागच्या भिंती कच्च्या विटांच्या, त्या विरघळून गेल्या होत्या. आमच्या दोन खोल्या उभ्या होत्या, देव्हारा रिकामा. खडकवासला फुटल्यानं गावाच्या नळांना पाणी नव्हतं. ज्या पाण्यानं घर नेलं त्याच पाण्यासाठी आम्ही बादल्या घेऊन रांगेत उभे. दोन-तीन दिवसांनी गाळ उपसताना मोरीत अन्नपूर्णा सापडली, आजीच्या माहेरची, अंगठ्याएवढी. बाळकृष्ण सापडलाच नाही.

आजीनं अन्नपूर्णा राखेनं घासली आणि एका उपड्या डब्यावर ठेवली. हळदकुंकू नव्हतं. दिव्याला तेल नव्हतं, आणि असतं तरी तिनं लावलं नसतं. तिच्यासमोर बसून ती म्हणाली, ‘आम्ही पळालो. तुम्हाला काय झालं होतं पळायला?’ मग रोज संध्याकाळी तिचं सुरू व्हायचं. गेलेल्या वस्तूंची यादी. सात पितळी डबे. एक घंगाळ. तांदळाचं पोतं, नुकतं भरलेलं. दोन गोधड्या. बाळकृष्णाचा पाळणा, आणि बाळकृष्ण. हातवारे करून, आवाज चढवून, वाण्याशी हिशेबावरून भांडावं तसं. आजोबा म्हणायचे, अगं देवासमोर असं बोलू नये. ती म्हणायची, मग कुणासमोर बोलू? कलेक्टरसमोर?

आषाढी तोंडावर आली होती. एकादशीच्या दिवशी आजोबा चुकून म्हणाले, आज उपास ना? आजी म्हणाली, ‘गेले दहा दिवस दुसरं काय चाललंय?’ त्या संध्याकाळी यादी पुन्हा सुरू झाली. मी अर्धवट झोपेत होते. ऐकता ऐकता लक्षात आलं की यादीला चाल लागली आहे. जात्यावरची चाल. ‘पहिली माझी ओवी, वाहून गेल्या डब्याला. दुसरी माझी ओवी, मोरीतल्या देवीला.’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मांडीवर ताल धरत होता. राग गेला नव्हता. यादीतली एकही वस्तू कमी झाली नव्हती. ही देवाची स्तुती आहे का, असं तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिनं लाटणं उगारलं असतं. तेही वाहून गेलं होतं म्हणा.

बाळकृष्णाच्या जागी वर्षभर सुपारी होती. दुसरा तुळशीबागेतून आणला तो पुढच्या वर्षी.

तुमचा पडदा वाचला आणि मला तो उपडा डबा आठवला. ताई, जो नाहीच त्याच्यासमोर कुणी पडदा ओढत नाही. तुम्ही रागावला आहात, आणि कुणावर रागावला आहात ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. याला श्रद्धा गेली म्हणत नाहीत.

मंडळातल्या बायकांच्या ‘आभार माना’कडे वळते, कारण त्यात एक घोटाळा आहे. त्यांच्या मनात बहुतेक तुकोबांचं ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ असणार. तुमच्या मंडळातही ते म्हणत असालच. पण ते कुणी म्हटलं आणि कशावर म्हटलं, हे टाळ वाजवताना निसटून जातं. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. देहूच्या सावकाराचं घर, दुकान बसलं, गुरंढोरं गेली, आणि थोरली बायको रखमा गेली. कशानं गेली ते त्यांनीच लिहून ठेवलंय: ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ असल्या घरातून आलेल्या माणसानं स्वतःच्या दिवाळ्याला बरं म्हटलं. स्वतःच्या. शेजाऱ्याच्या दारात उभं राहून, तुझं दिवाळं निघालं हे बरं झालं हो, असं ते म्हणालेले नाहीत. ती ओळ ज्याची त्यानं, झालीच तर, कधीतरी म्हणायची असते. दहा वर्षांनी म्हणावीशी वाटेल, नाहीतर कधीच नाही. दुसऱ्यानं ती हातात कोंबली की तिचा टोमणा होतो.

श्रद्धा कमी पडली म्हणणाऱ्या बाईंना तर एकच विचारा. चोखोबा 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून गेले. त्यांची श्रद्धा कुठं कमी पडली होती? विचारा आणि उत्तराची वाट बघत बसू नका, चहा प्या.

आता स्तुतीचं. स्तुती म्हणजे हसऱ्या चेहऱ्यानं गोड बोलणं, ही समजूत आपल्याकडं कुठून आली कोण जाणे. संतांकडून तर खासच नाही. नामदेवांच्या घरची दासी जनी अंगणात उभी राहून काय म्हणते? ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या.’ पुढचे शब्द तर याहून जहाल आहेत, आणि शेवटी स्वतःच सांगून मोकळी होते, ‘उभी राहून आंगणी । शिव्या देत दासी जनी.’ हे आपण सातशे वर्षं जपून ठेवलंय, कुणी खोडलं नाही.

आणि तुकोबा. ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’ हाही त्यांचाच अभंग. मी तुझ्याशी बोलणार नाही, नावही घेणार नाही, आपलं तुटलं, असं त्यात बजावलंय. गंमत बघा, बोलणार नाही हे सांगायला सुद्धा त्यांनी अभंगच केला आणि शेवटी ‘तुका म्हणे’ घालायला विसरले नाहीत. तुमचा पडदा याच जातीचा आहे.

त्यांची धाकटी बायको आवली तर आपल्या पुण्याची, इथल्या गुळवे सावकारांची लेक. नवरा भंडाऱ्यावर जाऊन बसायचा, ही भाकरी घेऊन डोंगर चढायची आणि वाटेत विठोबाला त्याच्या काळ्या रंगावरून बोल लावायची, असं सांगतात. पायात काटा मोडला तो काढायला विठोबाच आला, अशीही कथा आहे. कथा खरी की खोटी यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की लोकांनी काटा काढायला देव पाठवला तो बोल लावणारीकडं. आपण पुणेकर तरी देवाशी कधी फार अदबीनं वागलोय? उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती, जिलब्या मारुती, ही नावं आपणच ठेवली ना? ज्या गावात देवाला खुन्या म्हणून त्याच्याच पाया पडतात, त्या गावात तुमच्या एका रागावलेल्या पडद्याचं कुणाला काय वाटावं?

माझी एक जुनी मैत्रीण होती, मराठी ख्रिस्ती, पंचहौदाजवळ राहायची. आम्ही एकाच ऑफिसात. तिच्या नवऱ्याला अपघात झाला तेव्हा तिलाही असंच ऐकावं लागलं होतं. त्यांच्या शास्त्रात वचन आहे, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ भेटायला येणारे तेवढंच म्हणून डबा ठेवून जायचे. एकदा दुपारच्या सुट्टीत ती मला म्हणाली, ‘स्थितीत म्हटलंय गं. स्थितीबद्दल नाही म्हटलं. पाय मोडला याबद्दल मी आभार मानणार नाही. पाय मोडलेला असताना जे उरलंय त्याबद्दल मानीन, जमेल त्या दिवशी.’ मग पर्समधून छोटं पुस्तक काढून तिनं मला स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र दाखवलं. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी त्याची सुरुवात. म्हणाली, बघ, आमच्याकडंही तुमच्या जनीची बहीण आहे. मी डब्यातली भाजी खाता खाता ते वाचलं. नंतर पुष्कळदा वाटलं, एका प्रत्ययाचा एवढा उपयोग मला शाळेत कुणी शिकवला नव्हता.

तेव्हा मनात आनंद नसताना स्तुती करणं हा खोटेपणा का, तर आनंद आहे असं दाखवत केलीत तर हो, आणि तो तुमच्या गळ्यानं पकडलाच. गळा दाटला म्हणजे तुमची भक्ती आटली नाही. तुमच्या गळ्याला खोटं बोलता येत नाही इतकंच. बारा वर्षं खरं गायलेल्या गळ्याचं असंच होणार.

मंडळ सोडू नका. पण पुढं बसू नका. चाल सांगायला दुसरीला बसवा, आणि तुम्ही मागं, टाळकऱ्यांत, भिंतीला टेकून बसा. कीर्तनात बुवांचा श्वास संपतो तिथं मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात, म्हणून अभंग तुटत नाही. बारा वर्षं तुम्ही इतरांच्या तुटलेल्या ओळी उचलल्यात. आता थोडे दिवस तुमची ओळ त्यांना उचलू द्या. एखाद्या मंगळवारी नुसते टाळ वाजवा. एखाद्या मंगळवारी तेही नको वाटले तर मांडीवर ठेवून ऐकत बसा. आणि खरंच वाटलं तर चहाचं बघायला आत जा, फक्त या वेळी चहा घेऊन बाहेर या.

‘आनंदाचे डोही’ काही महिने बाजूला ठेवायला सांगा. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, त्यात तुमच्या आजच्या दिवसाचा एकही नसेल असं कसं होईल? करुणापर अभंग चाळा. ‘कन्या सासुऱ्यासी जाये । मागें परतोनी पाहे’ घ्या. नाहीतर ‘भेटीलागीं जीवा लागलीसे आस’. तुमच्या गळ्याला यातलं काय मानवतं ते त्यालाच विचारा. तो दाटेल, पण बंद होणार नाही असं मला वाटतं. आणि मंडळात तुमच्यासारखी आणखी एखादी असणारच, जी गेली कित्येक वर्षं घरातलं काहीतरी पोटात दाबून ‘आनंदाचे डोही’ म्हणत असेल. तिला बरं वाटेल.

बायकांना काय सांगायचं हेही तुम्हाला अवघड वाटत असेल. भाषण करू नका. एवढंच म्हणा, ‘मला सध्या समजावू नका, गुरुवारी यांना न्यायला-आणायला कुणी बरोबर याल का?’ देवाची परीक्षा वगैरे बोलणाऱ्यांतल्या निम्म्या जणी लगेच रिक्षाला हात करतील बघा. माणसांना काही करता येत नाही तेव्हा ती बोलतात. काम दिलं की गप्प होतात.

आता यजमानांचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त मला टोचलं ते हेच वाक्य, आणि तुम्ही ते येता जाता लिहून टाकलंय. हे विचारतात, आज हरिपाठ नाही का, आणि तुम्ही डोकं दुखतंय म्हणता. ताई, त्यांना कळत नसेल असं तुम्हाला वाटतं? इतक्या वर्षांच्या संसारात तुमचं डोकं किती वेळा दुखलं हे त्यांना पाठ असेल. त्यांच्या दिवसाचं घड्याळ गेलंय. एक दिवस यंत्र, एक दिवस थकवा, पाणी मोजून, मीठ मोजून, आणि संध्याकाळी कानावर जे यायचं तेही बंद. वर तुम्ही त्यांच्यामुळं रागावला आहात असं त्यांना वाटत असलं तर ते विचारायचेही नाहीत. तुम्ही त्यांच्यावर रागावलेल्या नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या.

त्यांना खरं सांगा. ‘मला म्हणवत नाही, मी विठोबावर चिडले आहे.’ बघा काय म्हणतात. कदाचित म्हणतील, मीही. मग तुम्ही दोघं एका बाजूला आलात, आणि हे भांडण एकट्यानं चालवण्यापेक्षा सोपं जाईल. कदाचित म्हणतील, मग मी म्हणतो, तू ऐक. त्यांना चार-चार तास खुर्चीत बसून काढायचे असतात. हरिपाठाला फार तर अर्धा तास लागतो. त्यांचा सूर लागणार नाही, तो तुमचा प्रांत. चुकले तर दुरुस्त करा, तेवढं तुम्हाला राहवणार नाही हे मला माहीत आहे.

भरवशाबद्दल तुम्ही उघड विचारलेलं नाही, पण पत्रात तो सगळीकडं आहे. मी तुम्हाला ‘सगळं ठीक होईल’ म्हणणार नाही. डायलिसिसनं किडनी बरी होत नाही, तिचं काम यंत्र करतं. हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेल, नसेल तर स्पष्ट विचारून घ्या. प्रत्यारोपणाचं त्यांच्या बाबतीत जमण्यासारखं आहे का, तेही विचारा. जमण्यासारखं असेल तर पुण्यात अवयवदानासाठीचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, तिथल्या प्रतीक्षायादीत नाव रुग्णालयामार्फत लागतं. देवावर भरवसा म्हणजे अमुक रिपोर्ट चांगला येईल अशी पैज नाही. पैज लावलीत की प्रत्येक रिपोर्टला देव हरतो किंवा जिंकतो, आणि तुम्ही पाकीट उघडताना थरथरता. आजीची यादी अन्नपूर्णेपुढं चालायची ती काही परत मिळेल म्हणून नाही. घंगाळ परत येणार नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सांगायचं कुणाला हा प्रश्न तिला पडला नाही, एवढीच तिची कमाई.

पैशाचं थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथं बसणाऱ्या आरोग्यमित्रांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं, तुम्ही त्यात बसता का ते ते सांगतील. दुसरं, महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात ती तरतूद आहे. अशा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात. थेट त्यांचं टेबल गाठा. विचारायला लाजू नका, फंड संपल्यावर विचारण्यापेक्षा आता विचारलेलं बरं.

आणि तुमची झोप. तीन आठवडे झोप नाही हे एखाद्या डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे. काळजीनं झोप उडते, त्याचा श्रद्धेशी काही संबंध नाही. रात्री फारच घेरून आलं तर 14416 हा सरकारचा टेलीमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पडद्याचं मी काही सांगत नाही. तो तुमच्या घरातला आहे, कधी उघडायचा ते तुमचं तुम्ही बघा. उघडलात तर पहिल्या दिवशी आरती वगैरे काही करू नका. खुर्ची ओढून बसा आणि यादी वाचा. किडन्या दोन. फंड इतका. झोप नाही. एकादशीला बायकांसमोर फजिती. जनीएवढे शब्द जमणार नाहीत, पण पुण्याच्या आहात, काहीतरी सुचेल.

मंगळवारी काय झालं ते कळवा. आणि यजमानांचा हरिपाठ कितपत बेसूर होता तेही.

तुमची,
मावशी